कुकरची एक शिट्टी म्हणजे नक्की किती?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे तीन शिट्ट्यांत मऊ होणारी तूरडाळ बहिणीकडे पाच शिट्ट्या होऊनही कणीदार का राहते, आणि मग एक शिट्टी म्हणजे नक्की किती? खरं तर शिट्टी हे शिजण्याचं माप नाहीच. ती फक्त जादा वाफ बाहेर पडल्याची वर्दी आहे.

झाकणावरच्या नळीवर आपण जे वजन बसवतो, तीच शिट्टी. बहुतेक घरगुती कुकरमध्ये आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने वाढला की ते वजन उचललं जातं, वाफ सुटते आणि वजन परत बसतं. एवढ्या दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी आतलं तापमान त्यापुढे फारसं जात नाही, जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. म्हणजे मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतील, मंद आचेवर कदाचित एकही होणार नाही. पण दाब टिकून असेल तर डाळ दोन्हीकडे जवळपास सारखीच शिजेल. फरक पडेल तो सिलिंडरला.

शिजणं ठरतं तापमान आणि वेळ यांवर. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंश वाढले, म्हणजे चौपट. पातेल्यात पाऊण तास घेणारी डाळ कुकरमध्ये दहा-बारा मिनिटांत होते ती त्यामुळे. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंतही शिजणं चालूच असतं, आणि मोठा भरलेला कुकर गार व्हायला वेळ घेतो, म्हणून त्यात कमी शिट्ट्यांतही काम होतं. मी स्वतः पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करते आणि घड्याळ बघते. शिट्ट्या मोजण्यात गैर काही नाही, पण तो हिशेब तुमच्या कुकरपुरता, तुमच्या शेगडीपुरता. दुसऱ्याच्या घरी तो लागू पडेलच असं नाही.

(हे यंत्र मुळात १६७९ सालचं. देनी पापँ या फ्रेंच माणसाने ते हाडं मऊ करण्यासाठी बनवलं आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप लावली. आपली शिट्टी त्याच झडपेच्या वंशातली.)

बहीण उंचावर राहते का? महाबळेश्वरसारख्या ठिकाणी कुकरच्या आत फरक पडतो तो दोन-तीन अंशांचा, तेवढ्याने पाच शिट्ट्या लागणार नाहीत. लेहला मात्र कुकरमध्येही तापमान साधारण ११४ अंशांपर्यंतच पोचतं, तिथे वेळ वाढवावाच लागतो.

माझा संशय पाण्यावर आहे. तिच्याकडे बोअरचं पाणी येतं का ते विचारा. अशा पाण्यात बहुधा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळायला हवं, पण कॅल्शियम त्यालाच घट्ट बांधून टाकतं. मग शिट्ट्या मोजत बसा, डाळ टणकच. आंबटानेही पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावर घालतात, कुकर लावतानाच टोमॅटो घालणाऱ्यांची डाळ रेंगाळते ती याच कारणाने. चिमूटभर खायचा सोडा घातला की काम लगेच होतं, पण त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, त्यामुळे रोज घालू नये. डाळ आदल्या रात्री किंवा निदान तासभर भिजवणं जास्त बरं.

दुसरी शक्यता डाळ जुनी असण्याची. उकाड्यात, दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेली डाळ शिजायला नाठाळ होते. दोन्हींत दोष कुणाचा ते ओळखायला तिला एकदा फिल्टरचं (आरओचं) पाणी वापरून तीच डाळ, तेवढाच वेळ लावायला सांगा. शिजली तर पाणी, नाही शिजली तर वाण्याला विचारा पोतं कधीचं आहे.