क्रूझ रद्द झाली: पैसे परत घ्यायचे की सव्वापट क्रेडिट?

प्रश्न (जून 2020): आम्ही न्यू जर्सीत राहतो. येत्या जुलैत सिएटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ ठरवली होती: आम्ही दोघं, दोन मुलं आणि पुण्याहून येणारे आईबाबा. बाबा 74 वर्षांचे, आई 69. दोन केबिनचं मूळ भाडं 7,200 डॉलर, त्यातले आईबाबांच्या केबिनचे 2,900. कर आणि बंदर शुल्काचे 1,320 वेगळे. कंपनीनं सफर रद्द केली आणि दोन पर्याय दिले. एक तर सगळी रक्कम परत, नाहीतर मूळ भाड्याच्या 125 टक्के क्रेडिट, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या सफरीसाठीची जमा, जी 2021 अखेरपर्यंत वापरायची. आमचे एजंट ओळखीचे आहेत, ते क्रेडिट घ्या म्हणतात. मी एच-वन-बीवर (नोकरीला बांधलेल्या व्हिसावर) आहे, नोकरी सध्या टिकून आहे. पत्नीचे कामाचे तास निम्म्यावर आलेत. क्रूझचे 3,000 डॉलर अजून क्रेडिट कार्डावर आहेत, व्याज 18 टक्के. अटींचं पान सोबत जोडलं आहे. काय करावं?

उत्तर: पैसे परत घ्या. दोन्ही केबिनचे घ्या आणि त्याचा फॉर्म याच आठवड्यात भरा.

सव्वापट हा आकडा डोळ्यांत भरतो, हे मी समजू शकते. बचत खात्यावर आज जेमतेम एक टक्का मिळतोय आणि इथं 7,200 चे 9,000 होतायत. वरचे 1,800 सोडून द्यायला जिवावर येतं. म्हणून कंपनी हे पैसे का देऊ करते ते आधी बघू.

कोरोनाच्या साथीमुळे मार्चच्या मध्यावर अमेरिकेतून निघणाऱ्या सफरी थांबल्या. 14 मार्चला सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण संस्थेचा, जहाजं न सोडण्याचा (नो-सेल) आदेश निघाला आणि एप्रिलमध्ये तो वाढवला गेला. जहाज धक्क्याला उभं असलं तरी खलाशी, इंधन, विमा, देखभाल चालूच राहते. केअर्स कायद्यातली, म्हणजे अमेरिकन सरकारच्या कोरोना मदत कायद्यातली, मोठ्या उद्योगांसाठीची मदत या कंपन्यांच्या वाट्याला आली नाही, कारण कागदोपत्री त्या अमेरिकन नाहीत: कार्निव्हल पनामात नोंदलेली, रॉयल कॅरिबियन लायबेरियात, नॉर्वेजियन बर्म्युडात. मग बाजारातून कर्ज उचलणं आलं. एप्रिलमध्ये कार्निव्हलनं 4 अब्ज डॉलर साडेअकरा टक्के व्याजानं घेतले, तेही जहाजं तारण ठेवून. मे महिन्यात रॉयल कॅरिबियननं 3.32 अब्ज तसेच उभे केले, 10.875 आणि 11.5 टक्क्यांनी. नॉर्वेजियननं तर 5 मेला स्वतःच लिहून दिलं की कंपनी चालू राहण्याबद्दल मोठी शंका आहे. त्यानंतर त्यांनीही दोन अब्जांच्या वर पैसा जमवला, म्हणजे तातडीचं संकट टळलं आहे. कोणती कंपनी उद्या बुडेल असं मी म्हणत नाही.

मी म्हणते ते एवढंच, की क्रेडिट घेणं म्हणजे या कंपनीला 7,200 डॉलर उसने देणं. ज्यांनी साडेअकरा टक्क्यांनी दिले त्यांच्याकडे जहाजं तारण आहेत, दर ठरलेला आहे आणि मुद्दल रोख परत मिळणार आहे. तुमच्याकडे तारण नाही आणि परतफेड केबिनच्या रूपात, कंपनी सांगेल त्या भावानं. कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर इथल्या कायद्यात ग्राहकांच्या आगाऊ रकमेला माणशी 3,025 डॉलरपर्यंत प्राधान्य आहे खरं, पण तारणावर कर्ज देणाऱ्यांचा नंबर त्याच्याही आधी लागतो. प्रवाशांच्या आगाऊ रकमेपोटी फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी सागरी आयोगाकडे कंपनीला हमी ठेवावी लागते, तिची कमाल मर्यादा एका कंपनीमागे 3.2 कोटी डॉलर आहे. या कंपन्यांकडे जमा असलेल्या आगाऊ रकमा अब्जांत आहेत.

तरीसुद्धा, तुमच्या बाबतीत कंपनी बुडण्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. मुख्य कारण तुम्ही पाठवलेल्या अटींच्या पानावरच आहे. क्रेडिट प्रत्येक प्रवाशाच्या नावानं निघतं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे 9,000 पैकी 3,625 डॉलर आईबाबांच्या नावावर जातील. ते 2021 मध्ये आले नाहीत, तर तुमच्या हातात वापरण्याजोगे उरतात 5,375. रोख घेतलीत तर 7,200. बक्षीस तर गेलंच, वर जवळजवळ 1,800 चा खड्डा.

आता आईबाबा येतील का, याचा शांतपणे विचार करा. भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद आहेत, चालू आहेत ती अडकलेल्या लोकांसाठी सरकारनं काढलेली वंदे भारतची मोजकी उड्डाणं. फेब्रुवारीत जपानमधल्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर 3,711 जणांपैकी सातशेहून अधिक लोकांना कोरोनाची लागण झाली, त्याच्या बातम्या पुण्यातही घरोघरी पाहिल्या गेल्या. बाबा पंच्याहत्तरीत असतील. ते स्वतः हो म्हणाले तरी तुमचं मन त्यांना जहाजावर चढवायला होईल का? हा प्रश्न तुम्ही फोनवर त्यांना विचारलेला दिसत नाही. विचारा, पण उत्तरासाठी फॉर्म अडवून ठेवू नका.

बेरीज साधी आहे. 9,000 चं क्रेडिट 7,200 रोखीच्या तोडीस तोड यायचं, तर सगळेच्या सगळे जाल याची किमान 80 टक्के खात्री हवी. त्याहून कमी खात्री असेल तर रोख बरी. सहा माणसं, दोन देश, कोरोनाची साथ आणि शाळांच्या सुट्ट्या, यात 80 टक्के मला कुठं दिसत नाहीत.

अलास्काचं आणखी एक लचांड आहे, ते बहुतेक प्रवाशांना माहीत नसतं. 1886 च्या एका अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन नुसती अमेरिकेचीच बंदरं करून परत येता येत नाही. वाटेत परदेशी बंदर लागावं लागतं. म्हणून सिएटलहून निघालेली जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. कॅनडानं 29 मेला मोठ्या क्रूझ जहाजांवरची बंदी 31 ऑक्टोबरपर्यंत वाढवली, म्हणजे या वर्षीचा हंगाम संपला. पुढच्या वर्षी कॅनडानं बंदरं उघडली नाहीत, तर सीडीसीनं परवानगी देऊनही सिएटलची जहाजं अलास्काला जाऊ शकणार नाहीत. तुमचं क्रेडिट दोन सरकारांच्या निर्णयांवर टांगलेलं राहील, आणि मुदत मात्र 31 डिसेंबर 2021 ला संपेल. अलास्काचा हंगाम सप्टेंबरातच आटोपतो, त्यामुळे प्रत्यक्षात तुमच्याकडे एकच उन्हाळा आहे.

भाड्याचंही बघा. क्रेडिट फक्त मूळ भाड्याला लागू आहे, कर आणि टिप वेगळे भरायचे. यंदाच्या रद्द झालेल्यांनी पुढच्या वर्षी गर्दी केली आणि भाडं 15 टक्क्यांनी चढलं, तर हीच सफर 8,280 ला पडेल, आणि 1,800 च्या बक्षिसातले 720 उरतील. उरलेली शिल्लक रोख मिळत नाही, हेही त्याच पानावर आहे.

आता घरचा हिशोब. माझ्या दृष्टीनं निर्णय इथंच होतो. तुमच्या नोकरीवर फक्त पगार नाही, अख्ख्या घराचा मुक्काम आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. पत्नी एच-फोरवर (एच-वन-बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) काम करत असेल, तर तिचं उत्पन्नही तुमच्याच व्हिसाला बांधलेलं आहे. घरात दोन पगार दिसतात, आधार मात्र एकच आहे. त्या साठ दिवसांत घरभाडं, नोकरीबरोबर जाणाऱ्या आरोग्य विम्याचा पूर्ण हप्ता आणि वेळ आलीच तर चौघांची मुंबईची तिकिटं, हे सगळं रोखीनं भागवावं लागतं. क्रूझचं क्रेडिट त्यात एक डॉलरही देत नाही. अडीअडचणीसाठी किती बाजूला आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सहा महिन्यांचा खर्च नसेल, तर ही रक्कम तिकडेच जायला हवी.

कार्डाचं असं होईल. सगळे पैसे याच कार्डानं भरले असतील, तर परतावा तिथंच जमा होतो. 7,200 आणि 1,320 मिळून 8,520. त्यातून 3,000 ची बाकी फिटेल आणि 5,520 तुमच्या बाजूनं जमा दिसतील. ते कार्डावर खर्च करत बसू नका. बँकेला लेखी कळवलंत, तर कायद्यानं कामाच्या सात दिवसांत ते पाठवावे लागतात. क्रेडिट निवडलंत तर फक्त कराचे 1,320 येतील, मागे 1,680 राहतील आणि न फेडता ठेवलेत तर त्यावर महिन्याला पंचवीस डॉलर व्याज चढत राहील.

क्रेडिट सगळ्यांनाच वाईट असं नाही. घर फिटलेलं, कर्ज नाही, निवृत्त जोडपं, वर्षाला एक-दोन क्रूझ ठरलेल्या: अशांना मी स्वतः क्रेडिट घ्या म्हटलं आहे. त्यांच्यासाठी 25 टक्के खरेच 25 टक्के आहेत. तुमची परिस्थिती ती नाही.

एजंटांबद्दल. ओळखीचा माणूस, मुलांच्या वाढदिवसाला येणारा, त्याला नाही म्हणणं जड जातं. प्रवास रद्द होऊन पैसे परत गेले की त्यांचं कमिशनही धोक्यात येतं आणि सध्या त्यांच्या धंद्याचं जे झालंय ते भयंकर आहे. त्यांची कदर करायची असेल तर पुढची सफर त्यांच्याकडूनच करा, बुकिंग फी द्या, पण 7,200 डॉलर भिडेपोटी अडकवू नका. बुकिंग त्यांच्यामार्फत असल्यानं परताव्याची मागणीही बहुधा त्यांनाच पाठवावी लागेल. फोनवर बोला, मग लगेच ईमेल करा: दोन्ही बुकिंग नंबर, "रोख परतावा हवा, क्रेडिट नको" एवढंच वाक्य, आणि कंपनीकडे पाठवल्याची पोच मागा. अटींत लिहिलंय की 30 जूनपर्यंत काही न कळवल्यास क्रेडिट आपोआप निघेल. म्हणून "बघू नंतर" इथं चालणार नाही.

पैसे यायला 60 ते 90 दिवस लागतायत. तोवर कार्डाचा हप्ता चुकवू नका. नव्वद दिवस उलटले तर कार्डाच्या बँकेकडे तक्रार नोंदवा. कायद्यातली मुदत बिलापासून 60 दिवसांची आहे आणि तुमची ती केव्हाच गेली असेल, पण बहुतेक कार्डांचे स्वतःचे नियम सेवा मिळायच्या तारखेपासून दिवस मोजतात, म्हणून जुलैतल्या सफरीची तारीख आणि रद्द झाल्याचं पत्र हाताशी ठेवा.

आईबाबांच्या मुंबई-न्यूअर्क तिकिटांचं तुम्ही काही विचारलं नाहीत. विमान कंपनीनंच उड्डाण रद्द केलं असेल, तर अमेरिकेला येणाऱ्या विमानांचाही पूर्ण परतावा द्यावा लागतो, असं इथल्या परिवहन खात्यानं 3 एप्रिलला सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे. तिथंही व्हाउचर पुढे केलं जाईल. तुम्ही स्वतः तिकीट रद्द करू नका, उड्डाण रद्द झाल्याचा संदेश येऊ द्या, आणि मग पैसे मागा.