मी अकाउंटंट आहे, गाता-बोलता येत नाही. मग माझे कृपादान (देवाने दिलेली देणगी) कोणते?

हिशेबच. बायबलमध्ये १ पेत्र ४:१० म्हणते, मिळालेले दान एकमेकांच्या कारणी लावा. फक्त उपासनेत असे नाही. मत्तय २५ मधल्या येशूच्या दाखल्यात धनी आपल्या दासांना पैसे सोपवून जातो; त्यातला एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, मजुराची जवळपास २० वर्षांची कमाई. तो तालांत जमिनीत पुरून ठेवणारा दास चोर नव्हता, घाबरट होता!

सुरुवात नोकरीतच करा: व्हाउचरशिवाय नोंद नाही, बँकेचा मेळ दर महिन्याला, छोट्या पुरवठादाराचे बिल अडवायचे नाही. ऑफिसच्या वेळेत मंडळीचे (चर्चचे) काम मात्र नको, तो वेळ मालकाचा. बाहेर आठवड्याला २ तास एखाद्या बचत गटाची वही बघा, पण लिहू द्या त्यांच्याच सचिवाला. सगळे तुम्हीच लिहिले तर तुमची बदली होताच वही बंद पडते. मंडळीचे दान मोजायला दोघे बसा, जागेवरच दोघांच्या सह्या.