स्टिल, हस्क्वर्ना सोडून कमी नावाजलेल्या कंपनीचा चेनसॉ घ्यावा का?

बागेतल्या वाळक्या फांद्या आणि थोडं सरपण एवढंच काम असेल तर ५८ सीसीचा चिनी बनावटीचा खुशाल घ्या. वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी ही बरीचशी यंत्रं आतून सारखीच, त्यामुळे पार्ट सहज मिळतात. रोज लाकूडतोड असेल तर मात्र स्टिल किंवा हस्क्वर्नाच. हादरे कमी, त्यामुळे हात बधिर व्हायचा त्रासही कमी.

घेताना इंजिन बंद ठेवून चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरचा, चेन थांबवणारा दांडा) पुढे ढकला आणि हातमोजा घालून चेन ओढून पाहा. जराही सरकली तर कितीही स्वस्त असो, नकोच! बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) उसळला तर थेट तोंडावर येतो, तेव्हा चेन थांबवायला हाच ब्रेक लागतो.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण पुस्तिकेतलंच ठेवा: स्टिलला त्यांच्या ऑइलसह ५०:१, बऱ्याच चिनी यंत्रांना २५:१.