गारगॉयल, गारगोटी आणि घागर

प्रश्न असा आला आहे: ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवर कोरलेल्या प्राण्यांना गारगॉयल म्हणतात. हा शब्द आपल्या गारगोटीवरून इंग्रजीत गेला असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. खरं आहे का? आणि मराठीत त्यांना व्याल म्हणावं का?’

गारगोटीचं उत्तर एका शब्दात: नाही. इंग्रज सुरतेला पोचले त्याच्या किती तरी आधीपासून तो शब्द त्यांच्याकडे आहे.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. दगडात कोरलेलं काहीही दिसलं की ‘तो पाहा गारगॉयल’! परवा एका वारसा-फेरीत वाटाड्याने टर्मिनसच्या फाटकावरच्या सिंहाला आणि वाघालासुद्धा गारगॉयल करून टाकलं. अहो, तो सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. खांबावर बसून राहणं एवढंच त्यांचं काम. उच्च न्यायालयाच्या खांबावर एक डोळा बांधलेलं, तराजू धरलेलं माकड आहे, तेही गारगॉयल नव्हे. गारगॉयलच्या तोंडातून पाणी पडावं लागतं. छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर सांध्यांतला चुना धुऊन जातो, म्हणून ते लांब फेकणारी दगडी तोटी म्हणजे गारगॉयल. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरची ती गालाला हात लावून बसलेली प्रसिद्ध आकृतीही यात बसत नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत आली आणि तिच्यातून थेंबही पडत नाही. व्हिक्टोरियाच्या काळापर्यंत पाणी उतरवायला ओतीव लोखंडाचे नळ आले होते. त्यामुळे तोट्यांची गरज संपली आणि हौस तेवढी उरली.

आता मुद्द्यावर येतो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘गारगुई’ म्हणजे घसा, त्यावरूनच गारगॉयल. इंग्रजीतलं ‘गार्गल’, म्हणजे गुळण्या करणं, त्याच घरातलं. रूआँ गावच्या संताने मारलेल्या गारगुई नावाच्या राक्षसावरून हा शब्द आला असं सांगणारे गाडी बैलापुढे जोडतात, कारण तोटीवरून राक्षसाला नाव पडलं. या शब्दाची फोड ‘गार्ग’ अधिक ‘गूल’ अशी करतात. गूल म्हणजे लॅटिन ‘गुला’, घसा. संस्कृतातला ‘गल’, आपला गळा, हा तिचा भाऊबंद. आणि ‘गार्ग’? संस्कृतात ‘गर्गर’ म्हणजे भोवरा आणि ताक घुसळायचं भांडंही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात तर गर्गर नावाचं वाद्य घुमतं. ‘गर्गरी’ म्हणजे पाण्याचं भांडं, तिचीच आपली घागर. म्हणजे गारगॉयलचा अर्धा भाग आपल्या गळ्यात आणि अर्धा डोक्यावर!

यावर आमचे एक भाषाशास्त्री स्नेही नाक मुरडतात. ‘हे ध्वन्यनुकारी शब्द, कुठल्याही भाषेत आपोआप होतात, यात नातं कसलं?’ बरं. मग पाणी मराठीत ‘खळखळ’ का करतं आणि फ्रेंचमध्ये ‘गरगर’ का? ध्वनीची नक्कल म्हटलं की व्युत्पत्तीचं काम संपलं, ही विद्वानांची जुनी पळवाट आहे. गळ्याचं नातं तेही नाकारत नाहीत. घागरीचं माझं मत आहे, आणि ते मी सोडणार नाही.

व्याल मात्र म्हणू नका. व्याल म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. तो मंदिराच्या खांबांवर झेपावतो, पाणी ओकत नाही. आपल्याकडे अभिषेकाचं पाणी बाहेर काढणाऱ्या मगरतोंडी तोटीला मकरप्रणाल म्हणतात, कुंडावर गोमुख असतं. ‘प्रणाल’ म्हणजे नाली, त्याचाच आपला पन्हळ, कौलांखाली लावतात तो. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत पन्हाळगडाचं नाव ‘प्रणालक’ असं येतं. तिथे ‘पन्नगालय, नागांचं घर’ सांगणारे भेटतात, पण मला पन्हळच पटतो.

टर्मिनसवरच्या ज्यांच्या तोंडाला खरोखर भोक आहे त्यांना मकरमुख म्हणा, प्राणी मगर नसला तरी. गोमुखातही गाय कुठे नेहमी नीट ओळखू येते? बाकीचे प्राणी-पक्षी, जे मुंबईच्या कलाशाळेतल्या मुलांनी कोरले, ते नुसतं कोरीव काम. सिंहाला सिंह म्हणा.