बाबांच्या चेतकची नंबरप्लेट

प्रश्न : बाबांची चेतक भंगारात दिली, पण मागची नंबरप्लेट मी काढून ठेवली. जीडीएने सुरू होणारा नंबर, काळ्यावर पांढरी अक्षरं, कडांना गंज. घासून, नव्याने रंगवून तिचं चाव्या अडकवायचं स्टँड करायचं आहे. शेजारचे गॅरेजवाले आणखी ढीगभर प्लेटी देतो म्हणतात. त्यांचे दिवे करता येतील का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, नवा रंग अजिबात देऊ नका. ती प्लेट कुणा पेंटरने ब्रशने लिहिली आहे. प्रत्येकाचा हात वेगळा असायचा. कुणाच्या आठाची कंबर बारीक, कुणी अक्षराला लाल सावली द्यायचा. त्यावर रंग फिरवलात की तो माणूस गेलाच.

शिवाय जीडीए म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची खूण. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, दमण-दीव केंद्रशासितच राहिले, आणि पुढे आपल्या गाड्यांवर जीए आलं. खाजगी गाडीची पांढऱ्या अक्षरांची काळी प्लेटही मागे पडली. आज गोव्यात काळी प्लेट दिसते ती पिवळ्या अक्षरांची, भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाड्यांची.

गंजाचं बघू. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असणार असं धरूनच मी काम करते. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला, तुमची प्लेट त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर तर नाहीच. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. फक्त गंजाच्या जागी वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक घासकागद) ओला करून हलक्या हाताने फिरवा, तोंडाला मास्क लावून, पोरांना लांब ठेवून. फडकं, कागद पिशवीत बांधून टाका. कडक उन्हात वाळली की क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात. हे पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लॅकर पांढरट पडतं.

प्लेटला नवीन भोक पाडू नका. फणसाच्या फळीवर जुन्याच भोकांतून स्टीलच्या स्क्रूने बसवा आणि हुक फळीला लावा, प्लेटला नाही. बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, झड येते, तिथे नको, आत लावा.

गॅरेजच्या ढिगाबद्दल मी कडक आहे. ज्या गाडीचं काय झालं ते कळत नाही, तिची अख्खी प्लेट घरात ठेवू नये. उद्या कुणी ती दुसऱ्याच गाडीला लावली तर? अशा प्लेटचा नंबर मधोमध कापा आणि मग हवं ते करा. होलोग्रामवाल्या हाय सिक्युरिटी प्लेटी तर घेऊच नका. आणि बाबांच्या चेतकची नोंदणी रद्द झाली का? गाडी मोडीत निघाल्यावर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. राहिलं असेल तर आता कळवा.

दिवे जरूर करा. चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर अॅल्युमिनियम, ते लाकडी ठोकळ्यावर छान वाकतं. कापलेली प्रत्येक कड कानशीने बोथट करा, पत्रा फार वाईट कापतो. बल्ब एलईडीच घ्या, जुना रंग तापायला नको. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट.