"मी घाबरले, तर आजार वाढेल का?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मला तो कळतो. कधी पेशंट स्वतः विचारतो, तर कधी त्याची मुलगी मला दाराबाहेर गाठून दबक्या आवाजात म्हणते, "ती सारखी रडते हो. त्याने कॅन्सर परत येणार नाही ना?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पन्नाशीतल्या एक बाई. इथे त्यांना ताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो निम्मी झालेली. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली. रडू आलं नाही त्या दिवसापुढे हिरवा ठिपका, आलं त्या दिवसापुढे लाल. त्या आठवड्यात चार लाल होते.

"मन खंबीर ठेवायलाच पाहिजे ना? मीच अशी खचले तर औषधं तरी काय करणार?"

"आणि नाही ठेवता आलं तर?"

"मग काय... माझ्याच हाताने मी..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

यजमान शेजारीच बसले होते. "मी हिला रोज सांगतो, पॉझिटिव्ह राहा. तुला काहीही होणार नाही." अगदी पोटतिडकीने सांगत होते. पण ते असं म्हणाले, की ताई हसायच्या आणि गप्प व्हायच्या.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेने जाणारी, म्हणजे भावनांमागचे हट्टी विचार तपासून बघणारी. माझा कान माणसाच्या बोलण्यातल्या 'च'वर असतो. 'खंबीर राहता आलं तर बरं' म्हणणारा एखाद्या दिवशी रडून मोकळा होतो. 'राहायलाच पाहिजे' म्हणणारा आधी रडतो, मग आपण रडलो म्हणून घाबरतो. आमच्या पुढच्या दोन-तीन भेटी त्या 'च'वरच गेल्या.

"केमोच्या वेळी शेजारची बाई रडली, तर तिला म्हणाल का, की आता तुझा आजार वाढणार?"

"छे! असं कसं म्हणेन?"

"मग हा नियम तुमच्या एकटीसाठीच कसा?"

त्या बराच वेळ डायरीकडे बघत राहिल्या.

गाठ खऱ्या अर्थाने सुटली ती मात्र पाण्याच्या बाटलीमुळे. बोलता बोलता त्यांनी बाटली उघडायला घेतली. झाकण फिरेना. तळव्यात दाबून पाहिलं, रुमालाने धरून पाहिलं, मग बाटली हळूच बाजूला ठेवली.

"बोटांना काय होतंय?"

"काही नाही."

मी थांबले.

"मुंग्या येतात. महिना झाला. बटणं लागत नाहीत, म्हणून बटणांचे कपडेच घालत नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही. तक्रार केली की निगेटिव्ह होतं ना."

इतके दिवस मी त्यांच्या अश्रूंचाच विचार करत होते. हसऱ्या चेहऱ्याच्या अट्टहासापायी शरीराचीही खबर दाबली जाते, हे त्या झाकणाने मला दाखवलं. केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होते. वेळेवर कळलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. मी त्यांना तिथूनच फोन करायला लावला. पुढचा डोस कमी झाला.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. भीतीने किंवा रडण्याने कॅन्सर वाढतो, असं संशोधनात दिसलेलं नाही. २००७ साली डोके व मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोण किती जगलं याचा त्यांच्या मनःस्थितीशी संबंध आढळला नाही. मग आमच्यासारख्यांकडे यायचंच कशाला? २००१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या २३५ स्त्रिया होत्या. त्यातल्या ज्यांना गटात मनातलं बोलण्याचा आधार मिळाला, त्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. मला हे फार मोलाचं वाटतं.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'काही होणार नाही' म्हणण्याऐवजी 'कशाची भीती वाटते?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तपासणीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण समोर डॉक्टर दिसले की निम्मे विसरतात. कुठलाही त्रास 'किरकोळ' आहे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नुसतं रडू नव्हे. त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

शेवटच्या भेटीत ताईंनी पुन्हा डायरी उघडली. ठिपके होतेच, लालही होते.

"पण आता पुढे लिहिते," त्या म्हणाल्या.

एका लाल ठिपक्यापुढे लिहिलं होतं : 'मुंग्या सकाळी जास्त. रिपोर्टची भीती. यांना सांगितलं.' अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. पेन अजून बोटांत नीट धरता येत नव्हतं.