पाळणाघरात ठेवल्याने मुलाचं नुकसान होतं का? संशोधन नक्की काय म्हणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दीड वर्षाची, दोघांच्याही नोकऱ्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी. एका व्हिडिओत ऐकलं की लवकर बालशिक्षण मिळालेली मुलं आयुष्यात पुढे जातात. दुसऱ्यात ऐकलं की पाळणाघरातली मुलं चिडखोर आणि भित्री होतात. दोन्हीकडे ‘संशोधन सांगतं’ हेच पालुपद. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

दोन्ही व्हिडिओंमागचे अभ्यास खरे असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त ते वेगळ्या मुलांवर, वेगळ्या देशांत आणि फार वेगळ्या प्रकारच्या केंद्रांत झालेत. मी बरीच वर्षं बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणाचं काम केलं आहे, त्यामुळे असले अहवाल वाचणं हा पोटापाण्याचाच भाग. कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी एवढंच शोधते: तुलना कशाशी केली आहे? हे मूल केंद्रात गेलं नसतं तर दिवसभर कुठे आणि कोणापाशी असतं? याचं उत्तर सापडेपर्यंत पुढच्या आकड्यांकडे बघण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात गाजलेला अभ्यास घ्या. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांती गावात १९६२ ते १९६७ या काळात ‘पेरी प्रीस्कूल’ हा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं होती. त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. मुलं चाळिशीची होईपर्यंत आणि त्यानंतरही संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेला फरक काही वर्षांतच विरून गेला. पण बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, जास्त जण कामधंद्यात राहिले आणि कमी जणांना अटक झाली. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की या खर्चावर समाजाला वर्षाला ७ ते १० टक्के परतावा मिळाला. तिथून हा प्रयोग सरकारी धोरणांत, भाषणांत आणि आता तुमच्या फोनवर पोचला.

व्हिडिओवाले जे सांगत नाहीत ते असं. हा वर्ग सकाळी अडीच तासांचा होता. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती. शिवाय दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जायची आणि आईबरोबर दीडेक तास बसायची. आणि ज्या मुलांना प्रवेश मिळाला नाही, त्यांना त्या काळी तशा वस्तीत घराबाहेर दुसरं जवळपास काही उपलब्धच नव्हतं. म्हणजे तुलना होती ‘उत्तम बालवाडी’ आणि ‘काहीच नाही’ यांची. एखाद्या चकचकीत प्लेस्कूलच्या माहितीपत्रकात हा सात-दहा टक्के परतावा छापलेला दिसला, तर त्यांना एवढंच विचारा की आमच्या घरी दर आठवड्याला कोण येणार आहे?

आता दुसरा व्हिडिओ. तो बहुधा कॅनडातल्या क्वेबेकवरून आलेला असणार. तिथल्या प्रांत सरकारने १९९७ साली दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. आधी चार वर्षांच्या मुलांसाठी, मग एकेक वर्ष खाली येत २००० सालापर्यंत सगळ्याच लहान मुलांसाठी. बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या तीन अर्थतज्ज्ञांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात दाखवलं की योजनेनंतर तिथल्या लहान मुलांमध्ये अस्वस्थता आणि आक्रमकपणा उरलेल्या कॅनडाच्या तुलनेत वाढला होता. आई-वडिलांचं मुलांशी वागणंही थोडं बिघडलं होतं. झालं, ‘सरकारी पाळणाघरं मुलांना बिघडवतात’ अशा मथळ्यांना ऊत आला.

इथे तुलना कोणाशी होती? या योजनेत आलेली पुष्कळ मुलं अशा घरांतली होती जिथे आई घरी होती आणि घर बऱ्यापैकी सुखवस्तू होतं. मागणी एकदम वाढल्यामुळे जागा घाईघाईने उभ्या केल्या गेल्या. क्वेबेकमध्येच केंद्रांत प्रत्यक्ष जाऊन निरीक्षण करणाऱ्या दुसऱ्या संशोधकांनी २००५ साली सांगितलं की निम्म्याहून जास्त ठिकाणांचा दर्जा ‘किमान’ या पायरीवरच होता. त्यातही पालकांच्या सहभागाने चालणारी ना-नफा केंद्रं बरी, आणि नफ्यासाठी चालवलेली केंद्रं बरीच मागे. पुढे आणखी काही संशोधकांनी हीच आकडेवारी सरासरी बाजूला ठेवून पाहिली, तेव्हा एकट्या पालकाच्या, अडचणीतल्या घरांतल्या मुलांना फायदा झालेला दिसला. एकाच योजनेत कोणाचं भलं झालं आणि कोणाचं थोडं नुकसान, कारण घरी सोडून आलेली परिस्थिती वेगवेगळी होती.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचं उदाहरण मात्र मला जास्त बोचतं. तिथे राज्य सरकारच्या बालवाडीत जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून लॉटरी निघायची. त्यामुळे तुलना अगदी स्वच्छ. सुमारे ३,००० गरीब मुलांचा सहावीपर्यंत माग काढून २०२२ साली निष्कर्ष छापले गेले. बालवाडी संपताना ही मुलं अक्षर-आकड्यांत पुढे होती, सहावीत मात्र लॉटरी न लागलेल्यांपेक्षा मागे, आणि शिस्तीच्या तक्रारीही जास्त. यामागचं कारण त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण त्यातल्या एका प्रमुख संशोधिकेने जाहीरपणे शंका व्यक्त केली ती अशी, की या वर्गांत शिक्षिका बोलतेय आणि मुलं बसून ऐकताहेत हेच फार होतं, खेळ कमी होता. आपल्याकडची नर्सरी पाहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

तुमच्या मुलीच्या वयाला सगळ्यात लागू पडणारा अभ्यास तिसराच आहे, आणि त्याचा व्हिडिओ कोणी करत नाही, कारण त्यात सनसनाटी काही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३०० हून अधिक बाळांचा जन्मापासून पुढची बरीच वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष साधारण असे: आई घरी आहे की मूल पाळणाघरात आहे, यापेक्षा घरातलं वातावरण आणि आई-वडिलांचं मुलाशी असलेलं वागणं यांचा परिणाम कितीतरी मोठा. पाळणाघर चांगलं असेल तर भाषा थोडी बरी. खूप तास केंद्रात घालवणाऱ्या मुलांत हट्ट-भांडणं थोडी जास्त, पण तीही नेहमीच्या मुलांत आढळतात त्याच मर्यादेत. आईशी असलेलं नातं नुसत्या पाळणाघरामुळे बिघडत नाही; घरीही मुलाकडे लक्ष नाही आणि पाळणाघरही वाईट, असं दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. तुम्ही इतका विचार करून प्रश्न लिहिताय, तेव्हा निम्मा धोका तिथेच टळला असं मी म्हणेन.

हे झालं बाहेरचं. आपल्याकडे काय?

भारतात बालशिक्षणावर बोलायचं तर अंगणवाडीला वळसा घालून जाता येत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज देशभरात जवळपास १४ लाख अंगणवाड्या चालवते, त्यातल्या लाखाहून जास्त महाराष्ट्रात. शहरातल्या नोकरदारांना ती आपली वाटत नाही, कारण ती काही तासच चालते आणि तिचा भर आहारावर असतो. पण तिच्याबद्दलचा एक अभ्यास मला फार आवडतो. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेतल्या, त्यातल्या चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांत फक्त एक जास्तीची अर्धवेळ कार्यकर्ती दिली, तिने बालशिक्षण बघायचं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने त्या मुलांची भाषा आणि गणित दोन्ही स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. गंमत म्हणजे कुपोषणही घटलं, कारण मूळच्या ताईला तिच्या आरोग्य-आहाराच्या कामाला हात मोकळे मिळाले. आमच्या ताई हे ऐकून हसल्या असत्या. वजन-उंची घ्या, पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरा, गृहभेटी करा, सर्वेक्षणं करा, आणि उरलेल्या वेळात गोष्ट सांगा. हे त्या कधीपासून ओरडून सांगताहेत. त्याला आता अर्थतज्ज्ञांचा शिक्का मिळाला इतकंच.

दुसरा मोठा अभ्यास दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आणि असर सेंटरने २०११ ते २०१६ या काळात केला. आसाम, राजस्थान आणि तेलंगण इथली चार वर्षांची सुमारे १४,००० मुलं घेऊन ती आठ वर्षांची होईपर्यंत त्यांच्यामागे राहिले. दिसलं ते असं: बहुतेक मुलं कुठे ना कुठे जात होती, पण आज अंगणवाडी, उद्या खासगी नर्सरी, परवा थेट पहिलीचा वर्ग असा सगळा गोंधळ. पाच वर्षांच्या वयात शाळेसाठी लागणारी तयारी बहुतेकांची झालेलीच नव्हती. अंगणवाडीत शिकणं थोडं आणि खासगी नर्सरीत पहिलीचाच अभ्यास दोन वर्षं आधी, पाठांतर आणि लेखन. फरक दिसला तो वयाला साजेसे खेळ, गोष्टी, वस्तू हाताळणं होतं तिथे. फीच्या आकड्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

हे वाचून मला कोसबाड आठवल्याशिवाय राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपल्या, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात गेली. या सगळ्याची आकडेवारी तेव्हा कोणी चिठ्ठ्या टाकून जमवली नाही, आणि आज आपल्या मुलांच्या हातात तिसऱ्या वर्षीच पेन्सिल आहे.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. तुमच्यासाठी तुलना ‘पाळणाघर की आई’ अशी नाहीच. ती आहे ‘पाळणाघर, की घरी एकटी मावशी आणि दिवसभर टीव्ही, की गावी आजीपाशी आणि आई-बाबा शनिवार-रविवारी’. या तिन्हींत मी चांगलं पाळणाघर निवडेन. ‘चांगलं’ म्हणजे काय, यात रंगीत भिंती, सीसीटीव्ही आणि वातानुकूलन मी धरत नाही. दीड वर्षाच्या मुलामागे मोठी माणसं किती, हे आधी बघा. आपल्या २०१३च्या राष्ट्रीय बालसंगोपन आणि बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण आहे. माझ्या मते तेही जास्तच आहे. दहा जणांची शू-शी, जेवण, झोप एकीने करायची तर बोलायला वेळ कुठला? पाच-सहांवर एक मिळाली तर सोडू नका. मग विचारा, इथल्या मावशी किती दिवसांपासून आहेत. दर तीन महिन्यांनी माणसं बदलत असतील, तर या वयाच्या मुलाला दर तीन महिन्यांनी नव्याने रडायला लागतं. आणि न सांगता दुपारी जाऊन या. दारातच अडवलं तर उत्तर मिळालं. आत जाऊ दिलं, तर मावशी मुलांशी काय बोलतात ते कान देऊन ऐका: नुसतं ‘बस, गप, नको’ चाललंय, की भरवताना ‘हा बघ भात, हे वरण’ असं काही. दीड वर्षाच्या मुलाचा अभ्यासक्रम एवढाच असतो.

सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे दोघांपैकी कोणीतरी अर्धी रजा टाकून तिला थोड्या तासांपासून सवय लावा. तास कमी करता येत असतील, एकाने सकाळी उशिरा सोडायचं आणि दुसऱ्याने संध्याकाळी लवकर आणायचं असं जमत असेल, तर जरूर करा. वरच्या अमेरिकेतल्या दीर्घ पाठपुराव्यात तासांचा मुद्दा आला होताच.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय ते, अडीच वर्षांची झाली की एबीसीडी शिकवणाऱ्या नर्सरीत घालू का. नका घालू. २०२०चं शैक्षणिक धोरणही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानतं, आणि त्यात खेळ हेच माध्यम आहे. पाळणाघर चांगलं चाललं असेल तर तिथेच राहू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्यापैकी एकजण मोठ्या कंपनीत आहे असं प्रश्नावरून दिसतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. ती सोय स्वतःची असू शकते किंवा इतरांबरोबर मिळून केलेली. पुष्कळ ठिकाणी कोणी मागत नाही म्हणून ती फक्त कागदावर असते, आणि बाबांनी विचारलं तर एचआरला आश्चर्य वाटतं. तरी दोघांनीही विचारा, आणि तोंडी नको, ईमेलने विचारा.